हाय रिस्क म्हणजे कशाची रिस्क? एओर्टिक व्हॉल्व्हचा निर्णय घेण्याआधी

सर्जनने महाधमनीला क्लॅम्प लावला की मी घड्याळ चालू करायचे. त्या क्षणापासून हृदयाला रक्त मिळत नाही. ते थंड, रिकामं, थांबलेलं असतं. साधारण दर वीस मिनिटांनी पोटॅशियमचं गार द्रावण सोडायचं आणि मोठ्याने आकडा सांगायचा, "चाळीस मिनिटं, सर." सव्वीस वर्षं मी हार्ट-लंग मशीन चालवलं. आमच्या पदाला परफ्युजनिस्ट म्हणतात आणि रुग्णाच्या घरच्यांना आम्ही कधी दिसतही नाही. मलाही रुग्णांचे चेहरे फारसे आठवत नाहीत. मिनिटं मात्र आठवतात.

निवृत्त झाल्यावर आतेभावाचा फोन आला. आत्या एक्याऐंशी वर्षांची, बारा वर्षांपूर्वी बायपास झालेली. आता झडप आकसली म्हणून सांगितलं होतं. "डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन हाय रिस्क आहे, घरी विचार करून काय ते सांगा. ताई, तू सांग, करायचं की नाही?"

मी त्याला उलट विचारलं, "रिस्क कशाची?" त्याला सांगता येईना. त्याची चूक नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. 'हाय रिस्क' या दोन शब्दांत दहा वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात आणि प्रत्येकीवरचा रस्ता वेगळा असतो. भावाला पुढच्या तीन आठवड्यांत फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं, तेच इथे एकत्र लिहिते आहे. शेवटचा निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबतच घ्यायचा आहे. त्यांच्यासमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं, एवढ्यासाठी हे.

आधी इकोचा कागद काढा

एओर्टिक व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातून महाधमनीत रक्त जातं तिथली झडप, दोन प्रकारे बिघडतो. एक तर तो आकसतो, म्हणजे पाकळ्यांवर कॅल्शियम साचून त्या हाडासारख्या कडक होतात आणि उघडत नाहीत. नाहीतर तो गळतो, म्हणजे नीट मिटत नाही. काही जणांत दोन्ही असतं. रिपोर्टवर 'स्टेनोसिस' (आकसणं) लिहिलंय की 'रिगर्जिटेशन' (गळणं), हे पहिल्यांदा बघा, कारण पुढचे निम्मे पर्याय त्यावरच ठरतात.

आकसलेल्या झडपेत तीन आकडे शोधायचे. निरोगी झडप उघडली की तीन ते चार चौरस सेंटिमीटरची वाट होते. ती एकच्या खाली गेली, सरासरी ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) चाळीसच्या वर गेला किंवा रक्ताचा वेग सेकंदाला चार मीटरवर पोचला, की आजार तीव्र समजतात. आत्याचे आकडे होते ०.७, ४८ आणि ४.४. तिथे शंकेला जागाच नव्हती.

पण आकडे कधीकधी एकमेकांशी भांडतात. वाट अरुंद दिसते, ग्रेडियंट मात्र पंचवीसच. हृदयच थकलेलं असेल तर ते जोर लावू शकत नाही आणि ग्रेडियंट खोटा खोटा कमी दिसतो. अशा वेळी "आजार मध्यम आहे, सहा महिन्यांनी या" हे उत्तर घेऊन घरी येऊ नका. डोब्युटामाइन हे हृदयाला जोर देणारं औषध देऊन पुन्हा इको करता येतो किंवा साध्या सीटीवर झडपेतलं कॅल्शियम मोजता येतं. पुरुषांत २००० आणि स्त्रियांत १२०० युनिटच्या वर आकडा गेला, तर झडप खरोखरच बंद होत आली असण्याची शक्यता मोठी असते.

मग लक्षणं. धाप, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं. म्हातारी माणसं "मला काही त्रास नाही" म्हणतात, त्यावर विसंबू नका. आत्याही तेच म्हणत होती. दोन वर्षांपूर्वी ती वरच्या मजल्यावर झोपायची, हल्ली खाली झोपायला लागली होती. खोली का बदलली, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मागच्या वर्षी आपण काय करत होतो आणि यंदा काय सोडून दिलं, असं विचारा, म्हणजे खरं उत्तर मिळतं.

रक्त कमी असेल आणि कारण सापडत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. अरुंद झडपेतून जोराने जाताना रक्तातलं गोठायला मदत करणारं एक प्रथिन तुटतं आणि आतड्यातून थोडं थोडं रक्त जात राहतं. हेडे नावाच्या डॉक्टरांनी १९५८ साली ही जोडी पहिल्यांदा नोंदवली. नंतर कोणता व्हॉल्व्ह बसवायचा आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या झेपतील का, या प्रश्नांत ही माहिती उपयोगी पडते.

आणि हो, आकसलेली झडप मोकळी करणारी गोळी आजवर निघालेली नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी कॅल्शियम थांबेल असं एकेकाळी वाटलं होतं, तसं झालं नाही. गोळ्यांनी अंगावरचं पाणी उतरतं, धाप थोडी कमी होते, एवढंच. लक्षणं सुरू झाल्यावर नुसती वाट बघत बसलं, तर पुढची दोन वर्षं निघणंही कठीण असतं.

आता, रिस्क कशाची?

सर्जनकडे एसटीएस नावाचा स्कोअर असतो. वय, किडनी, फुप्फुसं, आधीची ऑपरेशनं असं सगळं भरलं की ऑपरेशनमध्ये किंवा त्यानंतरच्या तीस दिवसांत जीव जाण्याचा अंदाज टक्क्यांत मिळतो. चारच्या खाली कमी जोखीम, चार ते आठ मधली, आठच्या वर जास्त. हा आकडा मागून घ्या. पण हातात आला म्हणून काम झालं असं समजू नका, कारण ऑपरेशन टेबलावर जे खरोखर घात करतं त्यातलं बरंचसं या स्कोअरमध्ये बसतच नाही.

त्यातला पहिला घातक प्रकार मी डोळ्यांनी पाहिलाय. २००० सालच्या आधीची गोष्ट. पंचाहत्तरीचे गृहस्थ, कागदावर सगळं ठीकठाक. छाती उघडली, सर्जनने महाधमनीवरून बोट फिरवलं आणि हात मागे घेतला. सगळी धमनी अंड्याच्या कवचासारखी कडक होती. त्यावर क्लॅम्प लावला असता, तर कवच फुटून तुकडे थेट मेंदूत गेले असते. सर आमच्याकडे वळून म्हणाले, "बंद करू या." मी भरून ठेवलेलं मशीन न वापरताच रिकामं केलं. त्या माणसासाठी तेव्हा दुसरा रस्ताच नव्हता. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधल्या रुआँ शहरात अलँ क्रिबिए या हृदयतज्ज्ञांनी छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळी नेऊन पहिल्यांदा माणसात एओर्टिक व्हॉल्व्ह बसवला. त्यालाच आपण आज टावी म्हणतो. अशा कवचासारख्या धमनीला पोर्सिलेन एओर्टा म्हणतात. हल्ली ती सीटीवर आधीच दिसते, म्हणून "महाधमनीत कॅल्शियम किती आहे?" हा प्रश्न चुकवू नका.

दुसरा प्रकार आत्याचा. बायपास झालेल्या माणसाची छाती पुन्हा उघडायची, तर करवत जिथून जाते त्या हाडालाच आतून जुनी ग्राफ्ट, म्हणजे बायपासमध्ये जोडलेली रक्तवाहिनी, चिकटलेली असू शकते. छातीच्या आतल्या धमनीची ती ग्राफ्ट चालू असेल आणि कापली गेली, तर हृदयाचा मोठा भाग तिथेच उपाशी पडतो. नाही कापली, तरी माझ्या कामात ती अडचणच, कारण सगळं थांबवलं तरी तिच्यातून गरम रक्त येत राहतं आणि गार द्रावण धुऊन काढतं. छातीला पूर्वी रेडिएशन दिलेलं असेल तरीही हाड आणि आतला भाग असाच चिकटलेला, न भरून येणारा असतो.

तिसरा प्रकार शरीराच्या थकव्याचा. इंग्रजीत त्याला फ्रेल्टी म्हणतात, आपण 'अंगात काही राहिलं नाही' म्हणतो. तपासायची रीत अगदी साधी आहे. पाच मीटर अंतर नेहमीच्या चालीने चालायला सांगायचं. सहा सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर चाल मंद समजायची. माणूस आंघोळ, कपडे, संडास स्वतःचं स्वतः करतो का? रक्तातलं अल्ब्युमिन साडेतीनच्या खाली आहे का? वजन आपोआप उतरतंय का? अशक्त शरीर ऑपरेशन टेबलावरून उठतं, अडतं ते नंतर. व्हेंटिलेटर सुटत नाही, उठून बसणं जमत नाही, जखम भरत नाही.

फुप्फुसं खराब असतील तर पूर्ण भूल आणि कापलेलं छातीचं हाड या दोन्ही गोष्टी महाग पडतात. लिव्हरचा सिरोसिस असेल तर पंपवरचा, म्हणजे हार्ट-लंग मशीनवरचा, रक्तस्राव आवरत नाही. किडनीबद्दल मात्र लोकांचा गैरसमज असतो की टावीत तिला धोका नाही. पंपचा धोका टळतो हे खरं, पण सीटीला आणि प्रत्यक्ष टावीला लागणारा डाय (रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचतात ते द्रावण) किडनीवर येतोच. तो कमीत कमी वापरा, असं आधीच सांगून ठेवावं.

आणि "हृदय कमजोर आहे, पंपिंग तीसच टक्के आहे, म्हणून काही करायला नको" हे वाक्य ऐकलं तर लगेच मान डोलवू नका. अरुंद झडपेविरुद्ध ढकलून ढकलून हृदय थकलेलं असेल, तर वाट मोकळी झाल्यावर ते पुष्कळदा सुधारतं. जोखीम वाढते हे खरं. पण बऱ्याच जणांत तेच झडप बदलण्याचं कारणही असतं.

रस्ते कोणते

छाती उघडून झडप बदलणं हा जुना रस्ता आणि कित्येक रुग्णांसाठी आजही तोच बरोबर. खराब झडप कापून बाहेर काढली जाते, कॅल्शियम खरवडलं जातं आणि नवी झडप डोळ्यांसमोर टाक्यांनी बसते. यातही प्रकार आहेत. पूर्ण हाड कापण्याऐवजी फक्त वरचा भाग कापून करतात किंवा उजवीकडून दोन फासळ्यांमधून. श्वास लवकर सावरतो, रक्त कमी जातं, मात्र क्लॅम्पची वेळ कमी होईलच असं नाही, उलट थोडी वाढूही शकते. ती कमी करायला बिनटाक्यांच्या झडपा आल्या. त्या चौकटीसकट जागेवर उघडतात, पंधराएक टाके घालत बसावं लागत नाही. माझ्या घड्याळावर तो फरक स्पष्ट दिसायचा. ज्याला झडपेबरोबर बायपासही हवा आहे अशा जोखमीच्या रुग्णात ती वाचलेली मिनिटं मोलाची. पण या झडपांनंतर पेसमेकर लागण्याचं प्रमाण टाक्यांच्या झडपांपेक्षा जास्त आहे, हेही विचारात घ्या.

टावीत बहुतेक वेळा मांडीच्या धमनीतून नळी वर नेतात. हृदयाचे ठोके मिनिटाला १८० ते २०० पर्यंत मुद्दाम पळवून क्षणभर रक्ताचा झोत थांबवतात आणि दुमडलेली झडप जुन्या झडपेच्या आत उघडतात. काही झडपा फुग्याने उघडतात, काही आपसूक फुलतात, त्यांना ठोके इतके पळवावे लागतीलच असं नाही. जुनी झडप बाहेर येत नाही, भिंतीला दाबली जाते. तिचं कॅल्शियमच नव्या झडपेला धरून ठेवतं. मांडीची धमनी अरुंद किंवा वेडीवाकडी असेल तर खांद्याखालून, मानेतून किंवा छातीला छोटा छेद देऊन जाता येतं, पण मांडीचा रस्ता सर्वांत सुरक्षित. आत्याच्या बाबतीत डाव्या खांद्याचा रस्ता तर मी मनातून आधीच खोडला होता. तिची जुनी ग्राफ्ट त्याच धमनीतून निघालेली, तिथे जाड नळी अडकवून कसं चालेल?

टावी म्हणजे 'अँजिओप्लास्टीसारखंच, दोन तासांत घरी' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी कॅथलॅबच्या, म्हणजे नळीने उपचार करतात त्या खोलीच्या, कोपऱ्यात मशीन तयार ठेवून कित्येक टावी उभ्याने पाहिल्यात. क्वचितच, पण झडप सरकते, धमनी फाटते, हृदयाच्या धमनीचं तोंड झाकलं जातं. म्हणून एक प्रश्न आधीच ठरवून घ्या: अशी वेळ आली तर छाती उघडायची का? आत्याने स्वतःच सांगितलं, "नाही उघडायची." ते कागदावर लिहून घेतलं. हा निर्णय रुग्ण शुद्धीवर असताना, त्याच्याच तोंडून झालेला बरा.

तिसरा, फुग्याने झडप ताणण्याचा रस्ता. हाही क्रिबिए यांनीच १९८५ साली दाखवला. आराम पडतो, पण झडप सहसा सहा महिने ते वर्षात पुन्हा आकसते. तेव्हा हा मुक्काम नव्हे, वाटेतला थांबा. रुग्ण शॉकमध्ये (रक्तदाब कोसळलेला) असेल, दुसरं तातडीचं ऑपरेशन अडलं असेल किंवा धाप झडपेची की फुप्फुसांची हे कळत नसेल, तर उपयोगी.

आणि चौथा, काही न करण्याचा. पुढारलेला कर्करोग किंवा डिमेन्शिया असेल, झडप बदलूनही वर्षभराचं आयुष्य दिसत नसेल, तर धाप आणि वेदना कमी ठेवणारी शुश्रूषा हाही रीतसर पर्याय आहे. तो मागायला लाज वाटू देऊ नका.

भाऊ म्हणाला, "मग टावीच सगळ्यात बरी ना?" त्याला मी २०१० आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, टावीच्या 'पार्टनर' नावाच्या चाचणीचे आकडे वाचून दाखवले. ज्यांचं ऑपरेशन शक्यच नाही असं सर्जननी ठरवलं होतं, त्यांच्यात टावीविना वर्षभरात ५०.७ टक्के गेले, टावी केलेल्यांत ३०.७ टक्के. केवढा फरक! पण त्याच ओळीत हेही आहे की टावी होऊनही दहातले तीन वर्षभरात गेले.  आणि ऑपरेशन शक्य पण जोखमीचं, अशांत वर्षभरातले मृत्यू टावीनंतर २४.२ आणि ऑपरेशननंतर २६.८ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. तिथे निवड ठरते ती रुग्णाच्या शरीररचनेवर आणि नंतर काय काय सोसायला तयार आहोत त्यावर.

टावीनंतर काय सोसावं लागू शकतं? झडपेच्या कडेने थोडी गळती, मांडीतल्या धमनीची इजा आणि पेसमेकर. हृदयातली विजेची तार झडपेला अगदी लागून जाते आणि नवी चौकट तिला दाबते. ईसीजीत आधीपासून 'राइट बंडल ब्रँच ब्लॉक' (त्या तारेच्या उजव्या फांदीत अडथळा) लिहिलेलं असेल, तर पेसमेकरची शक्यता बरीच वाढते. स्ट्रोकचा धोका दोन्ही रस्त्यांवर आहे.

'हाय रिस्क' असूनही छाती उघडणंच बरोबर, असा एक रुग्ण सांगते. एकोणसत्तर वर्षांचे, किडनी अर्धी, पंपिंग पस्तीस टक्के. घरच्यांना टावी हवी होती. पण झडप जन्मतः दोनच पाकळ्यांची, त्यावरची महाधमनी पाच सेंटिमीटर फुगलेली आणि तीन धमन्यांत अडथळे. टावीने यातला एकच प्रश्न सुटला असता. ऑपरेशन झालं, क्लॅम्प ११८ मिनिटं. पंपवरून उतरवताना दोनदा परत घ्यावं लागलं. आयसीयूत अकरा दिवस काढून ते घरी गेले. तेव्हा झडपेशिवाय आणखी काय दुरुस्त करायचं आहे, याची यादी मागा. झडपेवर जंतुसंसर्ग असेल तरीही सहसा ऑपरेशनच, कारण सडका भाग काढून टाकावा लागतो.

गळणाऱ्या झडपेचं गणित निराळं आहे. तिच्यावर बहुधा कॅल्शियम नसतं, त्यामुळे नेहमीच्या टावी झडपेला धरायला काहीच मिळत नाही आणि ती घसरते. गळतीसाठी पाकळ्यांनाच चिमटा घेणाऱ्या खास झडपा निघाल्यात, पण त्या सगळीकडे मिळत नाहीत. फुगा इथे चालत नाही, गळती आणखी वाढते. म्हणून गळतीत मुख्य उपाय ऑपरेशनच. मला या केसेस जड जायच्या. महाधमनीत सोडलेलं गार द्रावण हृदयाच्या धमन्यांत न जाता मागे हृदयातच सांडतं, मग ते प्रत्येक धमनीच्या तोंडात वेगळं द्यायचं, नाहीतर शिरेच्या बाजूने उलटं. तुमच्या सर्जनला अशा केसेसचा सराव किती, हे जरूर विचारा.

सीटी, आणि पुढची झडप

टावीचा सीटी झाला की तीन गोष्टी विचारा. झडपेच्या रिंगणाचा आकार कोणत्या मापात बसतो? हृदयाच्या धमन्यांची तोंडं रिंगणापासून किती उंचीवर आहेत? दहा-बारा मिलिमीटरच्या खाली असतील तर ती झाकली जाण्याची भीती. मांडीची धमनी किती रुंद आहे? साधारण साडेपाच मिलिमीटर तरी हवी.

रुग्ण सत्तरीच्या आतला असेल, तर आणखी एक. जनावरांच्या ऊतींपासून केलेली टिश्यू झडप साधारण दहा ते पंधरा वर्षं टिकते. ती खराब झाली तर पुढे काय? जुन्या झडपेत नवी टावी बसवता येते, पण पहिली झडप अगदी लहान मापाची असेल तर दुसरीला जागा उरत नाही. धातूची झडप आयुष्यभर टिकते. मात्र रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी जन्मभर आणि बहुतेकांत आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा) दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा. ऐंशीच्या पुढे हा प्रश्न सहसा पडतच नाही. अमेरिकेच्या २०२० च्या मार्गदर्शनात पासष्टच्या आत ऑपरेशन, ऐंशीच्या पुढे टावी आणि मधल्या वयात चर्चा करून, असं आहे. युरोपने २०२१ मध्ये ती रेघ पंचाहत्तरवर ओढली आणि २०२५ मध्ये सत्तरवर आणली. रेघा अशा सरकतात, त्यामुळे नुसत्या वयावर निर्णय सोडू नका.

आणखी एक आग्रह. सर्जन, कॅथलॅबचे कार्डिओलॉजिस्ट आणि भूलतज्ज्ञ या तिघांनी एकत्र बसून केस बघितली का, ते विचारा. आत्याला पहिल्या ठिकाणी जेमतेम पाच मिनिटं मिळाली होती. दुसऱ्या ठिकाणी तिघांनी सीटी समोर ठेवून अर्धा तास वाद घातला. तो ऐकूनच मला हायसं वाटलं.

आत्याचं काय झालं

तारीख मिळेपर्यंतचे तीन आठवडे वाया घालवले नाहीत. दात तपासून एक किडका काढला, कारण तोंडातले जंतू नव्या झडपेवर जाऊन बसतात. रोज घरातल्या घरात थोडं थोडं चालणं, श्वासाचे व्यायाम. हिमोग्लोबिन कमी होतं, शिरेतून लोह दिलं. औषधांची पूर्ण यादी एका कागदावर. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची जुनी गोळी तिच्या पर्समधून काढून घेतली. आकसलेल्या झडपेत तिने रक्तदाब एकदम कोसळू शकतो, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

मांडीतून टावी झाली, पूर्ण भूल न देता. दुसऱ्या रात्री ती गोंधळली, मला माझ्या आईच्या नावाने हाक मारू लागली. म्हाताऱ्या माणसांत हे होतं. चष्मा आणि कानाचं मशीन लगेच परत लावा, घड्याळ समोर ठेवा, ओळखीचं माणूस जवळ बसू द्या. आत्या सकाळी ठीक होती. ईसीजीत नवा लेफ्ट बंडल ब्लॉक दिसला, म्हणून दोन दिवस जास्त ठेवून घेतलं. पेसमेकर लागला नाही. पाचव्या दिवशी घरी. छाती उघडली असती तर हाड जुळायलाच सहा ते आठ आठवडे गेले असते. महिन्याने इको झाला, ग्रेडियंट ४८ चा ९ झाला होता.

तिला आता रोज एक ॲस्पिरिन आहे, रक्त पातळ करायचं दुसरं काही नाही. हिरड्यांना धक्का लागेल असं दाताचं काम करण्याआधी अँटिबायोटिक घ्यायचं, हे झडपेच्या कार्डामागेच लिहून ठेवलंय. चक्कर आली किंवा नाडी पन्नासच्या खाली गेली तर थांबायचं नाही, तडक ईसीजी काढायचा. घरी सोडतानाच्या ईसीजीचा फोटो भावाच्या फोनमध्ये आहे, नवा त्याच्या शेजारी ठेवून बघता यावा म्हणून.